डेक्कन क्वीनचा जेवणाचा डबा



गटाच्या आम्ही पाचजणी मुंबईला प्रदर्शनाला निघालो होतो. पुण्याहून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. पापड-चटण्यांची खोकी बाकाखाली सरकवली आणि घरून आणलेली भाकरी-चटणी सोडली. या गाडीत टेबल-खुर्चीवर बसून खायचा वेगळा डबा आहे, हे शेजारच्या बाईंनी सांगितलं. तर आमच्यातली एक म्हणाली, "ते मोठ्या लोकांचं. आपण कशाला जायचं?"

तिचं अगदीच चूक नव्हतं. ही गाडी १ जून १९३० ला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं सुरू केली. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडहून आले, वरचं काम माटुंग्याच्या कारखान्यात झालं. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या, एक रुपेरी, दुसरी निळी. पण वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. तिसरा वर्ग जोडला तो जून १९५५ मध्ये. म्हणजे पहिली पंचवीस वर्षं आपल्यासारख्यांना या गाडीत पायच ठेवता येत नव्हता, जेवणाच्या टेबलाची गोष्ट तर लांबच. स्वातंत्र्य मिळूनही तोवर आठ वर्षं होत आली होती!

आता डायनिंग कार आणि पँट्री कार यांतला फरक सांगतो. पँट्री कार म्हणजे नुसतं स्वयंपाकघर. तिथून चहा-वडा आपल्या जागेवर येतो. डायनिंग कारमध्ये स्वयंपाकघराला लागूनच टेबलं मांडलेली असतात, आपण उठून तिथं जायचं. अमेरिकेत पुलमन कंपनीनं १८६८ मध्ये असा डबा काढला. पण जुन्या गाड्यांत एका डब्यातून दुसऱ्यात आतून जायची वाटच नसे. जेवायला जायचं तर स्टेशनात उतरून त्या डब्यात चढायचं आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत तिथंच बसून राहायचं. डब्यांना जोडणारी वाट झाली, तेव्हा कुठं हा त्रास संपला.

मग बाकीच्या गाड्यांतून हे डबे का गेले? हिशेब सोपा आहे. टेबलांच्या जागी प्रवाशांच्या खुर्च्या बसवल्या की तिकिटं जास्त विकली जातात. गट चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. डेक्कन क्वीनचाही डबा मध्यंतरी काढला होता. पण रोज ये-जा करणाऱ्या पुणेकरांनी मागणी लावून धरली आणि तो परत आला. जून २०२२ मध्ये गाडीला नवे डबे लागले, तेव्हा तो वगळला तर नाहीच, उलट बत्तीसच्या चाळीस जागा झाल्या. तो टिकला तो प्रवाशांनी सोडला नाही म्हणून, असं आम्हाला वाटतं.

परतीला त्याच गाडीनं निघालो. माल बराच विकला गेला होता. "चला गं, बघून तरी येऊ," म्हणत पाचहीजणी उठलो. तिकिटं साधीच होती, कुणी अडवलं नाही. कटलेट, चीज टोस्ट आणि चहा मागवला. कर्जतला घाट चढायला मागून जादा इंजिनं लागली, आणि "मोठ्या लोकांचं" म्हणणारी आमची मैत्रीण खिडकीजवळची खुर्ची काही सोडेना. बिल पाचजणींत वाटून घेतलं.