पाऊल अडतं तिथे एक आडवी रेघ

मिलेहा सोनेजी ही पुण्यात वाढलेली आणि नेदरलँड्समध्ये काम करणारी डिझायनर. तिच्या काकांना पार्किन्सन्स, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो आजार होता. सपाट जमिनीवर त्यांना धड चालता येत नसे, जिना मात्र ते सहज चढत आणि उतरत. घरातल्या बाकीच्यांनी नवल वाटून सोडून दिलं असतं. मिलेहाने पायऱ्यांचा भास होईल असं चित्र कागदावर छापून जमिनीवर चिकटवलं. जमीन होती तशी सपाटच राहिली, पण काका त्या चित्रावरून न थांबता चालत गेले. २०१५ साली टेडएक्सच्या व्यासपीठावर तिने हा प्रयोग सांगितला आणि तो जगभर पोचला.

हा चमत्कार नव्हता. त्यामागे मेंदूची एक सोय आहे, आणि कंपवात झालेलं माणूस ज्या ज्या घरात आहे, तिथे ती माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

चालताना आपण पावलांचा विचार करत नाही. पाऊल कधी उचलायचं, किती लांब टाकायचं, हे मेंदूच्या गाभ्यातला बेसल गॅन्ग्लिया हा भाग परस्पर सांभाळतो. त्याला डोपामिन हे रसायन लागतं. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नाहीशा होतात. पावलं आखूड होत जातात आणि अनेकांचे पाय मधूनच जमिनीला खिळल्यासारखे जागीच थांबतात. डॉक्टर याला 'फ्रीझिंग' म्हणतात. माणसाला पुढे जायचं असतं, पायात ताकदही असते, पण पाऊल सुटत नाही. दारातून जाताना, वळताना, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, किंवा चालता चालता कोणी काही विचारलं की हे हमखास होतं. धड पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस पडतं. उतारवयात पडणं म्हणजे बरेचदा खुब्याचं हाड मोडणं.

पण चालण्याचा हुकूम सुटायला हा एकच मार्ग नाही. समोर एखादी खूण दिसली आणि ती ओलांडायची आहे असं ठरवलं, की डोळ्यांकडून आलेली माहिती वापरणारे मेंदूचे दुसरे भाग पुढाकार घेतात. हमरस्ता बंद असताना गल्लीतून मुक्कामी पोचावं, तसं हे आहे. गल्लीतून जाताना लक्ष जास्त द्यावं लागतं, पण पोचता येतं. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशीच एक खूण असते. चालण्याऐवजी पायांची दुसरी हालचाल केली तरी पाय मोकळे होऊ शकतात: २०१० साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एका ५८ वर्षांच्या रुग्णाची चित्रफीत वैद्यकीय नियतकालिकात दिली होती. आधार घेऊनही त्याला चार पावलं टाकणं कठीण होतं, पण सायकलवर बसवल्यावर तो सफाईने पेडल मारत गेला, वळला, परत आला. खाली उतरताच पाय पुन्हा थिजले.

जमिनीवरच्या रेघांची गोष्ट त्याहूनही जुनी आहे. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये आपल्या पुस्तकात तिची नोंद केली. चालण्याच्या दिशेला आडव्या रेघा असतील तर रुग्णाची पावलं मोकळी होतात, त्याच रेघा उभ्या, वाटेला समांतर मारल्या तर उपयोग होत नाही. पाय टाकायला पुढचं ठिकाण मिळणं, हे त्यातलं मर्म. पन्नासहून अधिक वर्षं हे ज्ञान उपलब्ध आहे. गोळ्यांची नावं आणि वेळा तोंडपाठ असलेल्या कुटुंबांनाही ते ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटतं.

नव्या तंत्रज्ञानाने हीच रेघ बुटात आणली आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बुटांच्या पुढच्या टोकाला लेझर बसवले. एक पाय जमिनीवर टेकला की दुसऱ्या पायापुढे प्रकाशाची आडवी रेघ पडते आणि तो पाय ती ओलांडतो. रेघ माणसाबरोबर चालते. २०१७ साली १९ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. गोळीचा असर नसताना पाय अडण्याचे प्रसंग सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाले, आणि असर असतानाही सुमारे ३८ टक्क्यांनी. लेझर लावलेल्या काठ्याही निघाल्या आहेत.

अशा वस्तूंची वाट पाहत बसायची मात्र गरज नाही. हल्ली घरोघरी गुळगुळीत, चकचकीत, एकाच रंगाची फरशी असते. तिच्यावर नजरेला धरायला काही नसतं. पाय जिथे अडतो तिथे, म्हणजे न्हाणीघराच्या दारापाशी, पलंगाजवळ, वळणावर, फरशीहून वेगळ्या ठसठशीत रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावाव्यात. अंतर साधारण एका पावलाचं ठेवावं. पट्टी सपाट बसलेली हवी, कड सुटली तर तीच पाडेल. पायपुसणी आणि सतरंज्या वाटेतून काढून टाकाव्यात.

आणि पट्टी नसेल तिथे? आई किंवा आजोबा अडले की आपण प्रेमानेच 'चला, चला' म्हणतो, हात धरून ओढतो. त्याने घाई वाढते आणि पाय आणखी घट्ट होतात. त्यांना थांबू द्यावं, वजन एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर घ्यायला सांगावं. मग आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवून ते ओलांडायला सांगावं. वळताना जागच्या जागी गिरकी घेण्यापेक्षा मोठा वळसा बरा.

रेघेचं काम ठेकाही करतो. अमेरिकेत मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली रुग्णांना ठाशीव ठेक्याच्या संगीतावर घरीच चालण्याचा सराव दिला. तीन आठवड्यांत चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सदस्यांसाठी असेच वर्ग घेतले आहेत. पायाचा व्यायाम तिथे होतोच. पण या आजारात चेहरा निर्विकार होतो, आवाज बसतो, लोक आपल्याकडे बघतील म्हणून माणूस घराबाहेर पडेनासं होतं. अशांनी पुन्हा चारचौघांत हात उंचावून ताल धरणं, याचं मोल चालण्याच्या वेगात मोजता येत नाही. ठेक्यासाठी मोबाइलवरचं मेट्रोनोमचं ॲप चालतं, पण ज्यांनी आयुष्यभर भजनाला टाळ धरला, त्यांनी त्याच ठेक्यावर पावलं टाकून बघायला काय हरकत आहे? ओळखीचा ताल पाय लवकर पकडतील असं मला वाटतं.

मिलेहाच्या कपाची गोष्टही सांगायला हवी. हात थरथरला की चहा सांडतो, म्हणून काका लोकांसमोर चहा-कॉफी घ्यायचेच बंद झाले होते. मिलेहाने वरची कड आत वळवलेला कप घडवला. उसळलेला चहा कडेला लागून पुन्हा आतच पडतो. त्यावर आजाराचा शिक्का कुठेच नाही, तो कोणाच्याही हातात शोभेल. थरथर मोजून चमच्याचं टोक स्थिर राखणारी यंत्रंही बनली आहेत आणि ती हुशारीची आहेत, पण मला हा साधा कप अधिक भावतो.

या सगळ्याला मर्यादा आहेत. रेघेने आजार थांबत नाही, गोळ्या चुकवता येत नाहीत. काहींना रेघ मानवते, काहींना ठेका, काहींना दोन्ही नाही. पायऱ्यांचा भास देणारं चित्र तर नजर अधू असलेल्याला घाबरवूही शकतं. म्हणून पहिला प्रयोग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्हावा. एक अडचण मात्र तिथेही येते: दवाखान्यात माणूस सावध असतं, चालण्याकडे सारं लक्ष देतं, आणि घरी दिवसातून दहादा अडणारे पाय डॉक्टरांसमोर नीट चालतात. त्यामुळे घरीच, पाय खरोखर अडतात तेव्हा, मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवावा. अशा वेळी आधाराला दुसरं कोणीतरी जवळ हवं. चित्रात पावलं दिसावीत, आजूबाजूची जागा दिसावी, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली होती ते बोलून नोंदवावं.