दोन अंगांचा हिशेब

ताडोब्याच्या तळ्यावर पाणी पिऊन मान वर केलेल्या चितळ नराची शिंगे समोरून न्याहाळली, तर दोन्हींची ठेवण एकच, प्रत्येकास टोकेही तीनच. तथापि कोठे एखादे टोक बोटभर आखूड, कोठे बाक किंचित अधिक, असा भेद बारकाईने पाहणाऱ्यास बहुधा आढळतोच. डाव्याउजव्या अंगांस जनुके तीच, अन्न तेच, हवापाणीही तेच असता हे अंतर उपजते कोठून?

वाढत्या देहात लहानसहान आकस्मिक चुका सदैव घडत असतात, आणि त्या सावरून घेणाऱ्या अंतर्गत व्यवस्थेवर उपासमार, उष्मा, परोपजीवी किंवा विष यांचा भार पडला म्हणजे काही चुका दुरुस्तीवाचून शिल्लक राहू शकतात, असे जीवशास्त्र सांगते. या व्यवस्थेचा एक धागा २०१२ साली फळमाशीत हाती लागला: वाढीत मागे पडलेला अवयव डिल्प-८ नावाचे संप्रेरक स्रवून रूपांतराची घटिका लांबवतो, आणि ज्या माश्यांत हे संप्रेरकच नाही, त्यांच्या दोन पंखांतील तफावत वाढते. हृदयाचे डावीकडे असणे, किंवा खाडीच्या चिखलात एकच अवाढव्य नांगी मिरवणारा नर खेकडा, हा निसर्गाचा ठरीव बंदोबस्त होय; तो या हिशेबात येत नाही. आपल्या प्रस्तुत विषमतेस ठरलेली दिशा नाही, आणि पुष्कळ प्राणी मोजले असता डावे-उजवे अंतर सरासरीने शून्याभोवतीच घोटाळते. १९६२ साली ली व्हॅन व्हॅलेन यांनी हे प्रकार स्पष्टपणे वेगळे करून दाखविले.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ सालच्या औद्योगिक प्रदूषणाच्या निर्देशांकात ८३.८८ गुणांसह देशात चौथे सर्वांत प्रदूषित ठरलेल्या, ताडोब्याशेजारच्या चंद्रपुरात, कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र यांच्या सान्निध्यात, वाकडे शिंग दिसताच धुराविरुद्ध फिर्याद गुदरण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु एकट्या जनावराची साक्ष येथे ग्राह्य नाही. शिंग झुंजीत मोडते. इतकेच नव्हे, तर हरणाचा मागचा पाय जायबंदी झाला असता विरुद्ध बाजूचे शिंग वेडेवाकडे वाढल्याची उदाहरणे नमूद आहेत. अनेक जनावरांची साक्ष काढावी, उदाहरणार्थ खाणपट्ट्यातील डबक्यांत वाढलेले बेडूक भामरागडच्या जंगलातील बेडकांशी ताडून पाहावेत, तरी अंतर मिलिमीटरच्या अंशांत, म्हणजे मोजणाऱ्याच्या हाताच्या चुकीएवढेच, असू शकते. म्हणून प्रत्येक हाड निदान दोनदा मोजावे, आणि कोणता बेडूक कोठला हे मोजणाऱ्यास कळू देऊ नये, असा शिरस्ता आहे. १९९० च्या दशकात या विषयावर उत्साही निष्कर्षांचा पूर लोटला होता. फेरतपासात त्यांपैकी पुष्कळ क्षीण ठरले, हे मला या शास्त्राच्या प्रकृतीस हितकारकच वाटते.

सर्वांत बोधक कैफियत मात्र ऑस्ट्रेलियातील, मेंढ्यांना पोखरणाऱ्या माशीची आहे. डायझिनॉन हे कीटकनाशक पचविणारे जनुक तिच्यात पसरले; पण क्लार्क व मॅकेंझी यांनी १९८७ साली दाखविले, की वारंवार संकर करून तेच जनुक ज्या माश्यांना या विषाचा पूर्वसंस्कार नव्हता त्यांच्या वाणात आणले, की अंगावरच्या राठ केसांची डावी-उजवी संख्या जुळेनाशी होते, आणि तेही विषाचा थेंब न पडता. कुरणातील प्रतिकारक्षम माश्यांत मात्र केस नीट जुळत होते, कारण मधल्या काळात निवडीने दुसरे एक जनुक पुढे आणून त्या बिघाडाची भरपाई करून टाकली होती. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा-राजुऱ्याच्या फवारलेल्या कपाशीवर उद्या अगदी सममित किडे सापडले, तरी तेवढ्यावरून तेथील हवापाण्यास निर्मळपणाचा दाखला देता यावयाचा नाही.