नगरवासी बहिरी ससाण्याचे प्रियाराधन

बहिरी ससाणा हा मूळचा कड्याकपारींतला पक्षी. अमेरिकेतील न्यूयॉर्क नगरात मात्र तो पुलांच्या मनोऱ्यांवर व उत्तुंग इमारतींच्या कठड्यांवर संसार थाटतो. त्याच्या लेखी इमारत म्हणजे कडाच. खाली पारव्यांचे थवे असल्याने अन्नाचीही विवंचना नाही.

हिवाळा सरू लागताच नर प्रियाराधनास आरंभ करतो. आकाशात उंच चढून तो पंख मिटून झेपावतो आणि वळण घेऊन पुन्हा वर जातो. शिकारीच्या झेपेत या पक्ष्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो, त्यामुळे लोक या कसरतींवरच लुब्ध होतात. आमच्या मते खरे पाहण्याजोगे आहे ते भक्ष्याचे देणे. नर मादीपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने लहान. तो शिकार पंजांत धरून येतो. मादी खालून उडत येते, क्षणभर अधांतरी उलटी होते आणि त्याच्या पंजांतून भक्ष्य काढून घेते. हा केवळ खेळ नव्हे. पुढे अंडी घालण्याच्या व उबवण्याच्या काळात तिच्या अन्नाचा भार मुख्यतः त्याच्यावरच पडतो. तो पेलेल की नाही, हे येथेच कळते. हा पक्षी शिकारी आहे. त्यास अहिंसेची वस्त्रे चढविण्याची गरज आम्हांस वाटत नाही.

कठड्यावर मात्र दोघेही मान खाली लववून परस्परांसमोर उभे राहतात आणि हलके आवाज काढतात. काड्यांचे घरटे ते बांधत नाहीत. खडीत छातीने व पायांनी उथळ खळगा करतात. त्यात बहुधा तीन-चार अंडी असतात व ती सुमारे ३३ दिवस उबवावी लागतात.

एके काळी हे सारे आराधन व्यर्थ जात होते. फवारलेले डीडीटी भक्ष्यांतून ससाण्याच्या शरीरात साठे, अंड्यांचे कवच पातळ होई आणि उबवणाऱ्या पक्ष्याच्याच भाराने अंडी फुटत. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेस वीण करणारी जोडी उरली नव्हती. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीच्या वापरावर बंदी आली. कॉर्नेल विद्यापीठातील टॉम केड व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदिवासात पिल्ले वाढवून ती मोकळी सोडली. १९८३ साली न्यूयॉर्कच्या दोन पुलांवर जोड्यांनी वीण केली.

याच जातीचा शाहीन ससाणा आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर राहतो. गडावर सहलीस गेल्यावर अशी जोडी आढळल्यास कड्यापाशी गलका न करता दुर्बिणीतून दुरूनच पाहावे.