आधी डोक्यात ‘क्लिक’, मग बोटानं!

डिजिटल कॅमेरा घ्यायचा म्हणताय? मस्त! पण कार्ड स्वाइप करण्याआधी हे चटकदार तुकडे तोंडात टाका. प्रत्येकात एक गंमत आणि बहुतेक गमतींच्या पोटात खरेदीची एक टिप. रेडी? स्माइल प्लीज!

काखेत कळसा, कोडॅकला वळसा
माहीत आहे का, पहिला डिजिटल कॅमेरा कुणी बनवला? चक्क फिल्म विकणाऱ्या कोडॅकनं! १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं तो जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो ब्लॅक अँड व्हाइट, साठवायला कॅसेट. एक फोटो टेपवर उतरायला २३ सेकंद आणि रिझोल्यूशन ०.०१ मेगापिक्सेल! पुढे बाजी दुसऱ्यांनी मारली. २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

छत्तिसावा फोटो कुणाचा?
रोलवर ३६ फोटो. पस्तीस संपले की शेवटचा ‘वाया नको’ म्हणून दारातल्या तुळशीचा! डिजिटलचा पहिला फायदा हाच: पाचशे काढा, पाच ठेवा, बाकीचे फुकटात उडवा. काढला की लगेच बघा. मामाचे डोळे मिटलेत? पुन्हा क्लिक! ही चैन सामान्य ग्राहकाच्या हाती दिली कॅसिओ क्यूव्ही-१० नं, १९९५ मध्ये. पाठीवर स्क्रीन होता ना!

मंगळावर फक्त २ मेगापिक्सेल
माहीत आहे का, २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘नासा’च्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या डोक्यावरचे मास्टकॅम कॅमेरे जेमतेम २ मेगापिक्सेलचे आहेत? आणि आपल्या मंगळयानाचा रंगीत कॅमेरा साधारण ४ चा! तरी फोटो बघून जग थक्क झालं. हिशेब सोपा आहे. ४ बाय ६ इंचाच्या झकास प्रिंटला २ मेगापिक्सेलच्या थोडं वर पुरतात. फोरके टीव्हीचा अख्खा पडदा भरायला ८ च्या आसपास. २०-२४ मेगापिक्सेल म्हणजे चंगळच. त्यापुढचा आकडा बघून खिसा मोकळा करू नका!

१ इंच? मोजून बघा!
कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या ‘१ इंच सेन्सर’ची लांबी किती? फक्त १३.२ मिलिमीटर! म्हणजे अर्ध्या इंचाहून किंचित जास्त. हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या जाडीवरून आलंय. ३६ बाय २४ मिलिमीटरचा फुल फ्रेम सेन्सर त्याच्या सातपटीहून मोठा. सेन्सर मोठा तर प्रकाश जास्त, प्रकाश जास्त तर रात्रीच्या आरतीचे फोटो स्वच्छ. मेगापिक्सेलआधी सेन्सरचा आकार विचारा.

खड्डे इथले, खड्डे तिथले
रस्त्यावरचे खड्डे बघायला झूम लागत नाही. चंद्रावरचे बघायचेत? २०१८ साली आलेल्या निकॉनच्या कूलपिक्स पी-१००० ला तब्बल १२५ पट ऑप्टिकल झूम! पण खोक्यावर नीट वाचा. ऑप्टिकल झूममध्ये लेन्स काम करते. डिजिटल झूममध्ये फोटो नुसता कापून मोठा होतो. कापाकापी घरी फुकटात करता येते.

आरसा गेला, नशीब फळफळलं
डीएसएलआरच्या पोटात आरसा असतो. क्लिक करताच तो उडतो आणि खटॅक! मिररलेसनं तो आरसाच काढून टाकला. कॅमेरा हलका झाला आणि मंगलाष्टकांत गपगुमान फोटो काढता येऊ लागले. मात्र स्क्रीन आणि सेन्सर सतत जागे, म्हणून बॅटरी लवकर झोपते. जोडीला दुसरी बॅटरी घ्याच.

मुंबईच्या गल्लीतून ऑस्करला
‘स्लमडॉग मिलेनिअर’ला २००९ मध्ये छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. बहुतांशी डिजिटलवर चित्रित झालेल्या सिनेमाला हा मान पहिल्यांदाच! मुंबईच्या चिंचोळ्या बोळांत शिरायला लहानखुरे डिजिटल कॅमेरे कामी आले. धडा? जो कॅमेरा जड म्हणून कपाटात राहतो, तो कितीही महाग असला तरी शोभेचाच.

२९ मिनिटं ५९ सेकंद
अनेक कॅमेरे बरोबर इतक्यालाच रेकॉर्डिंग का थांबवायचे? मशीन दमायचं म्हणून? नाही, टॅक्स! युरोपात ३० मिनिटं रेकॉर्ड करणारा कॅमेरा ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरायचा आणि जादा आयात शुल्क लागायचं. एक सेकंद कमी, पैसे वाचले! अख्खं गॅदरिंग शूट करणार असाल, तर ‘सलग किती वेळ?’ हे आधी विचारा.

माकडचेष्टा, कोर्टात
२०११ मध्ये इंडोनेशियात एका मकाक माकडानं फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर झक्कास सेल्फी काढला. मग वाद पेटला: कॉपीराइट कुणाचा? २०१८ मध्ये अमेरिकी कोर्टानं सांगून टाकलं, माकडाला कॉपीराइटचा दावा करता येत नाही. आपण काय शिकायचं? ऑटोफोकस तल्लख हवा. बाकी पोज आपोआप जमते!

सेकंडहँड? आधी क्लिक मोजा
मुंबईत बोरा बाजारात फिरताय? जुनी गाडी घेताना किलोमीटर बघता, तसा इथं शटर काउंट बघा. अनेक मध्यम दर्जाच्या डीएसएलआरचं शटर साधारण एक ते दीड लाख क्लिकच्या हिशेबानं बनवलेलं असतं. मग लेन्स उजेडात धरा. आत जाळी दिसली? बुरशी! आपल्या पावसाळ्याची खास भेट. घरी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, चामड्याची पिशवी नको.

बाप कॅमेरा
चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? ३२००! वजन सुमारे ३ टन. जगातला सर्वांत मोठा डिजिटल कॅमेरा तो हाच, आणि त्याचे पहिले फोटो जून २०२५ मध्ये जगापुढे आले. ईएमआयवर मिळत नाही, विचारू नका!

जाता जाता
दुकानात जाताना आपलं मेमरी कार्ड खिशात टाका. आवडलेल्या दोन-तीन कॅमेऱ्यांत ते घालून दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्याचे फोटो काढा आणि घरी मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावा. दुकानदार गोड बोलेल, पिक्सेल मात्र खरं बोलतील!