जुना नाद आणि नवा नाद : ‘स्कायहार्बर’चा पहिला अल्बम

‘तुणतुणे’ हे नाव त्या वाद्याच्या नादावरूनच पडले आहे. विद्युत् गिटारवर निघणाऱ्या एका तुटक, दाबलेल्या नादास, व पुढे त्या नादावर उभ्या राहिलेल्या संगीतपद्धतीस, पाश्चात्त्य वादकांनी दिलेले ‘जेंट’ हे नावही तसेच अनुकरणवाचक होय. हे साम्य केवळ शब्दापुरते नाही. पोवाड्यात तुणतुण्याची एकच तार स्वर धरते आणि त्याच वेळी लयही राखते. जेंट पद्धतीतही तारेकडेच तालवाद्याचे काम दिलेले असते. वादक तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवतो, त्यामुळे नाद गुंजत राहत नाही. उरलेली गुंजन यंत्राच्या साहाय्याने तोडली जाते. तुणतुण्यात नाद अखंड राहतो, येथे तो मुद्दाम खंडित केला जातो, एवढाच काय तो भेद.

प्रोग्रेसिव्ह मेटल या प्रकारातील ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज : इल्यूजन अँड केऑस’ हा ‘स्कायहार्बर’ या भारतीय वृंदाचा पहिला अल्बम २०१२ साली प्रसिद्ध झाला. केशव धर या दिल्लीच्या गिटारवादकाने घरच्या खोलीत आरंभिलेला हा उद्योग. तालवादक अनुप शास्त्री अमेरिकेतील, गायक डॅनियल टॉम्पकिन्स इंग्लंडचे, तर दुसऱ्या भागाचे गायक सुनीथ रेवणकर हे मुंबईच्या ‘भयानक मौत’ या वृंदातील. एकत्र न बसता ध्वनिमुद्रणांची देवघेव करून वृंदसंगीत रचता येते, हे या अल्बमने दाखविले. त्या रीतीची मर्यादाही येथे कोठे कोठे जाणवते. काही जागी ताल फारच निर्दोष वाटतो.

नव्या पद्धतीचे मर्म मात्रांच्या हिशेबात आहे. समजा, गिटारचा आकृतिबंध सात मात्रांचा आहे आणि झांजेचे आवर्तन चार मात्रांचे. दोन्ही एकदम सुरू झाली तरी पहिल्या आवर्तनानंतर त्यांची फारकत होते, आणि अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर ती पुन्हा समेवर भेटतात. तेवढ्या अवधीत आकृतिबंध चार वेळा आणि आवर्तन सात वेळा पूर्ण झालेले असते. तिहाई ऐकण्याची सवय असलेल्या कानास हा खेळ परका वाटू नये. स्वीडनच्या ‘मेशुगा’ वृंदाने ही रीत रूढ केली.

या चौकटीत जुना नाद येतो तो मार्टी फ्रीडमन यांच्या गिटारमधून. १९९० ते २००० या काळात ‘मेगाडेथ’ वृंदात असलेल्या या वादकाने ‘कॅथार्सिस’ व ‘सेलेस्टियल’ या दोन रचनांत एकल वादन केले आहे. तार ओढून स्वराकडे वळणावळणाने जाणे ही त्यांची लकब. आपल्याकडील मींडेची आठवण व्हावी अशी. खाली तुटक नादांचा काटेकोर हिशेब आणि वर लांबणारा, ओथंबणारा स्वर, अशी ही रचना आहे. दोन पिढ्यांचे नाद एकमेकांत विरघळवलेले नाहीत, एकमेकांवर ठेवलेले आहेत. आणि तेच योग्य झाले.

तुळशीदास शाहिराच्या सिंहगडाच्या पोवाड्याशी हे ताडून पाहावे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. तेथे रायबाच्या लग्नाची घाई चालू असता राजांचे बोलावणे येते. या पोवाड्यातील चरण सारख्या लांबीचे नाहीत. प्रसंग बदलला की चाल बदलते, मध्येच गद्य निवेदन येते, आणि झीलकऱ्यांचा ‘जी जी’ सगळ्यांस पुन्हा एका ठेक्यावर आणतो. आजच्या मिश्रसंगीतात पोवाड्यातून बहुधा हा ‘जी जी’ तेवढा उचलला जातो. चाल बदलण्याची जी मोकळीक प्रोग्रेसिव्ह मेटलला खरोखर जवळची आहे, ती तशीच राहून जाते.

अडचण आहे ती शब्दांची. अल्बमच्या ‘केऑस’ या भागात रेवणकर यांचा घोगरा, गर्जणारा कंठ आहे. असा आवाज काढताना मूळ स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्याही कंप पावतात. त्यामुळे स्वरांमधील भेद पुसट होतो आणि शब्द ओळखण्याचा भार बहुतांशी व्यंजनांवर पडतो. मराठीत ‘मार’, ‘मोर’ आणि ‘मूर’ हे केवळ स्वरभेदाने वेगळे राहतात. निवेदन हाच ज्या प्रकाराचा प्राण, त्या पोवाड्यास ही किंमत परवडणारी नाही. ‘इल्यूजन’ या भागातील टॉम्पकिन्स यांचा कंठ मात्र उंच आणि मोकळा आहे. गिटार कितीही दाट झाली तरी स्वर ऐकू येतात. वृंदाच्या २०१४ मधील ‘गायडिंग लाइट्स’ या दुसऱ्या अल्बमचे मुख्य गायकही तेच होते.