पाहुणे की घरचे?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची फार मोठी हानी झाली. युद्धानंतर देशाचे दोन भाग झाले. त्यांपैकी पश्चिम जर्मनीत नवे कारखाने उभे राहिले. पण कामाला माणसे कमी पडू लागली. म्हणून तेथील सरकारने १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन व ग्रीसशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून मजूर बोलावले.

या मजुरांना जर्मन लोक 'गास्टआर्बायटर' म्हणत. याचा अर्थ 'पाहुणे कामगार'. पाहुणा चार दिवस राहतो आणि आपल्या घरी जातो. हे कामगारही काही वर्षे राबतील, पैसे साठवतील आणि परत जातील, असे सर्वांना वाटे. कामगारांनाही तसेच वाटत होते. त्यामुळे त्यांना जर्मन भाषा शिकवण्याचा फारसा विचार कोणी केला नाही.

१९७३ मध्ये नवे कामगार आणणे बंद झाले. बरेच जण मायदेशी परतले. जे राहिले, त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. मुले शाळेत जर्मन आणि घरी तुर्की बोलू लागली. पुढची पिढी तर जर्मनीतच जन्मली. तरीही कायद्याने ती परकीच होती. कारण १९१३ च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व आईवडिलांवरून ठरत असे, जन्मस्थानावरून नाही.

काही लोकांच्या मनात या परक्यांविषयी द्वेष होता. २९ मे १९९३ च्या रात्री झोलिंगेन शहरात चार तरुणांनी एका तुर्की कुटुंबाचे घर पेटवले. त्या आगीत मेव्ल्यूदे गेंच यांच्या दोन मुली, दोन नाती आणि नात्यातली एक मुलगी मरण पावली. एवढे दुःख कोसळूनही गेंच यांनी सूडाची भाषा केली नाही. त्यांनी ते शहरही सोडले नाही. सर्वांनी सलोख्याने राहावे, असेच त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या.

हळूहळू कायदा बदलला. आईवडिलांपैकी एक जण आठ वर्षे कायदेशीरपणे जर्मनीत राहत असेल, तर तेथे जन्मलेल्या मुलाला २००० पासून नागरिकत्व मिळू लागले. २००५ मध्ये नवागतांसाठी भाषेचे सरकारी वर्ग सुरू झाले. २०२४ मध्ये आठ वर्षांची अट पाच वर्षांवर आली.

उगुर शाहीन यांचे वडील कोलोन शहरातील मोटारींच्या कारखान्यात कामगार होते. उगुर लहानपणी तुर्कस्तानातून तेथे आले आणि शिकून डॉक्टर झाले. २०२० मध्ये ते व त्यांच्या पत्नी डॉ. ओझ्लेम त्युरेजी यांच्या कंपनीने, एका अमेरिकी कंपनीच्या साहाय्याने, कोरोनाची लस जगाला दिली.

सारे प्रश्न सुटले आहेत, असे नाही. नाव परके म्हणून घर किंवा नोकरी नाकारली, अशा तक्रारी आजही होतात. देशाची भाषा शिकणे हे येणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याला शिकण्याची संधी आणि बरोबरीचा हक्क देणे हे त्या देशाचे कर्तव्य आहे. दोघांनी आपापले कर्तव्य पाळले, तरच पाहुणा घरचा होतो.

स्वाध्याय
१. मजुरांना 'पाहुणे कामगार' का म्हणत?
२. जर्मनीत जन्मलेली मुले कायद्याने परकी का ठरत?
३. मेव्ल्यूदे गेंच यांचा कोणता गुण तुम्हांला आवडला? तीन-चार वाक्यांत लिहा.