नवा डबा लावण्याआधी

होस्टेलवर 'डबा लावणे' या शब्दाला इतकी वर्षं एकच अर्थ होता. मेसला कंटाळलेला माणूस गावातल्या एखाद्या काकूंकडे डबा लावतो, दोन महिन्यांनी त्या डब्यालाही कंटाळतो आणि निमूटपणे परत मेसच्या लाइनीत उभा राहतो. हल्ली मात्र आमच्या विंगमध्ये वेगळेच डबे दिसायला लागलेत. भलेमोठे, प्लॅस्टिकचे, आत पावडर. एक स्कूप पाण्यात टाकायचा, शेकर खडखड हलवायचा, घटाघटा प्यायचं आणि जाहीर करायचं, "झालं माझं जेवण!"

या डब्यांवरून विंगमध्ये सरळ दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो हे सगळं विष आहे, किडनी जाते. दुसरा म्हणतो, शुद्ध सायन्स आहे, परदेशात डॉक्टर लिहून देतात. गंमत म्हणजे दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे. म्हणून मी सुट्टीत जरा वाचून काढलं, ते इथे मांडतोय. (मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलचा आहे. त्यामुळे हिशेबापासून सुरुवात करतो.)

दिवसाला ८०० किंवा त्याहून कमी कॅलरी देणाऱ्या आहाराला 'व्हेरी लो कॅलरी डाएट' म्हणतात. ही आहारातली कॅलरी म्हणजे आपली किलोकॅलरी, हे फर्स्ट इयरच्या मंडळींनी लक्षात ठेवावं. आता ८०० म्हणजे किती? मेसमधलं एक भरपेट जेवण, म्हणजे पोळ्या, भाजी, वरण, भात आणि वर तरंगणारं तेल धरलं, तर तेच सातशे-आठशेच्या घरात जातं. म्हणजे दिवसभरात एकच जेवण. चहा नाही, वडापाव नाही, रात्रीची मॅगी नाही.

वॅटमध्ये काढून बघा. २००० कॅलरी चोवीस तासांत वाटल्या तर साधारण ९७ वॅट होतात. माणूस म्हणजे शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब! ८०० कॅलरी म्हणजे जेमतेम ३९ वॅट. बल्ब शंभरचा आणि सप्लाय चाळीसचा, तर उरलेलं बॅटरीतून येणार. ही बॅटरी म्हणजे चरबी. एक किलो चरबी जाळायला साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते. रोजचा खर्च २२०० धरला आणि पोटात ८०० गेल्या, तर रोज १४०० ची तूट, आठवड्याला ९८००. म्हणजे आठवड्याला सव्वा किलो.

मग पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले म्हणून पेढे वाटणारे खोटं बोलतात का? नाही, काटा खरंच तेवढा उतरतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. उपाशी राहिलं की आधी हा साठा संपतो आणि त्याचं पाणी बाहेर पडतं. दोन किलो इथेच गेले. पोटभर जेवलात की दोन दिवसांत ते परत जागेवर.

आता या पावडरीचा इतिहास थोडा सांगायलाच हवा, कारण 'विष' म्हणणाऱ्या पक्षाचा मुद्दा तिथूनच येतो. १९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लिन नावाच्या डॉक्टरांचं 'द लास्ट चान्स डाएट' हे पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. त्यात जेवण बंद करून एक पातळ प्रोटीन प्यायचं होतं. हे प्रोटीन बनायचं कत्तलखान्यात उरलेल्या कातडी, खुरं वगैरेंतल्या कोलॅजनपासून. कोलॅजन प्रोटीन आहे खरं, पण अपुरं. त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल नसतंच. शिवाय पोटॅशियमसारख्या खनिजांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पुढच्या एक-दोन वर्षांत हे पिणाऱ्यांपैकी जवळपास ६० माणसं गेली, त्यातली बरीच हृदयाचे ठोके अचानक बिघडून. हृदय हाही स्नायूच. घरात लाकूड संपलं की शरीर दारं-खिडक्या जाळायला घेतं, तसा हा प्रकार.

त्यानंतर मात्र लोक शहाणे झाले. चांगल्या प्रतीची प्रथिनं, जीवनसत्त्वं, खनिजं, थोडी आवश्यक स्निग्धं असं सगळं मोजून घातलेली पाकिटं तयार झाली. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने १९९५ मध्ये या प्रकारासाठी वेगळं मानकच काढलं. दिवसभराच्या पाकिटांत ४५० ते ८०० कॅलरी आणि किमान ५० ग्रॅम प्रथिनं, तीही उत्तम दर्जाची. थोडक्यात, हे दिवसभराचं पूर्ण जेवण आहे, फक्त ऊर्जा काढून घेतलेलं.

आणि इथेच आपल्या विंगमधला सगळा घोळ आहे. आपल्याकडे जे डबे दिसतात त्यातले बहुतेक मील रिप्लेसमेंट नसतातच! ते जिमचं व्हे प्रोटीन असतं. एका स्कूपात साधारण १२० कॅलरी आणि २४ ग्रॅम प्रोटीन. जेवणावर घ्यायची पूरक वस्तू म्हणून ती ठीक आहे. जेवणाऐवजी घेतली तर पोटॅशियम, लोह, आवश्यक स्निग्धं, जीवनसत्त्वं, तंतू हे सगळं कुठून येणार? डब्याच्या मागचं लेबल वाचा. तिथे काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते बघा.

आमच्या विंगमधल्या सिव्हिलच्या एका पोराचं उदाहरण देतो. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र देत नाही. उंची १७३ सेंटिमीटर, वजन ७८. गॅदरिंगला तीन आठवडे होते आणि साहेबांना हीरोचा रोल. मेसला कट मारला आणि दिवसातून तीनदा एकेक स्कूप पाण्यात, मध्ये काळी कॉफी. म्हणजे दिवसाला ३६० कॅलरी, आपल्या हिशेबात साडेसतरा वॅट. वजन सहा किलो उतरलं, कुर्ता मस्त बसला. तिसऱ्या आठवड्यात सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला भर उन्हात थिओडोलाइटला डोळा लावून उभा असताना तिथेच खाली बसला. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी कमी, पोटॅशियम कमी. सलाइन लागलं. नाटक झालं, पण गॅदरिंगनंतर त्याची भूक अशी काही खवळली, की मेसचे काकासुद्धा घाबरले. सहा महिन्यांनी काट्यावर ८०!

त्याला आम्ही खादाड म्हणून खूप चिडवलं. ते चिडवणं चुकीचं होतं असं मला आता वाटतं, त्याचं कारण मिनेसोटाचा प्रयोग. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर तो केला. मुलं साधारण आपल्याच वयाची, काही थोडी मोठी, सगळी स्वेच्छेने आलेली. त्यांना २४ आठवडे साधारण १५७० कॅलरी दिल्या. हो, १५७०! म्हणजे शेकवाल्यांच्या दुपटीच्या आसपास. पोरांचं वजन पाव हिश्श्याने घटलं. पण वाचण्यासारखं आहे ते बाकीचं. ती सारखी थंडीने कुडकुडायची, चिडायची, कशातच मन लागायचं नाही. दिवसभर गप्पा फक्त खाण्याच्या. काही जण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. प्रयोग संपून जेवण मोकळं झाल्यावर कितीही खाल्लं तरी समाधान होईना, आणि अंगावरची चरबी आधीपेक्षाही जास्त झाली. म्हणजे ही भूक मनाचा कमकुवतपणा नाही. शरीर आपली बॅटरी परत चार्ज करून घेत असतं, आणि पुढच्या दुष्काळासाठी थोडी जास्तच.

पीएलमध्ये असा डाएट सुरू करणाऱ्यांनी त्या पोरांचं 'कशातच मन लागायचं नाही' हे वाक्य परत एकदा वाचावं.

आता दुसऱ्या पक्षाची बाजू, आणि ती खरंच दमदार आहे. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी टाइप २ मधुमेहाच्या ३०६ रुग्णांवर 'डायरेक्ट' नावाची चाचणी घेतली. निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. अर्ध्या रुग्णांना तीन ते पाच महिने फक्त सूप आणि शेक, दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी. म्हणजे ८०० च्या रेघेच्या किंचित वर. वर्षभराने त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण होतं ४ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात तर ८६ टक्के! मधुमेह एकदा झाला की कायमचा, असं मानणाऱ्या घरात आपण सगळे वाढलोय. त्या घरांसाठी ही साधी बातमी नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२० पासून हा कार्यक्रम सुरूही केला.

आपल्या वर्कशॉपमधल्या एका सरांनी गेल्या वर्षी त्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच केलं. बारा आठवडे. दर आठवड्याला तपासणी, रक्तातले क्षार, बीपी. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बदलल्या. हे फार महत्त्वाचं, कारण काही गोळ्या आणि इन्सुलिन तसंच चालू ठेवून जेवण बंद केलं तर साखर धोकादायक खाली जाते. सर सांगतात, पहिले चार दिवस डोकं दुखलं, नंतर भूक आश्चर्यकारकरीत्या कमी झाली. (चरबी जळताना जे कीटोन तयार होतात त्यांनी भूक दबते असं मानतात.) सरांच्या मते सगळ्यात मोठी सोय म्हणजे 'आज काय खाऊ, किती खाऊ' हा विचारच संपतो. लग्नात गेलं तरी हातात शेकर!

तर मग जेवणाऐवजी शेक हा वाईट नाहीच. अवघड आहे ते शेक थांबवून परत जेवायला लागणं, आणि डब्यावर छापलेलं असतं ते फक्त पहिल्या भागाबद्दल. 'डायरेक्ट'मध्ये शेक संपल्यावर दोन ते आठ आठवडे हळूहळू, एकेक जेवण करत खरं अन्न परत सुरू केलं आणि त्यापुढे दर महिन्याला भेट. एवढं करूनही दोन वर्षांनी मधुमेहमुक्त राहिले ३६ टक्के, आणि पाच वर्षांनंतर, पुढच्या पाहणीत राहिलेल्यांपैकी १३ टक्के. अमेरिकेतल्या प्रसिद्ध ओप्रा विन्फ्रे यांनी १९८८ मध्ये असाच द्रव आहार घेऊन ३० किलो वजन उतरवलं आणि तेवढीच चरबी एका लाल गाडीत घालून ती ओढत टीव्हीवर आणली. वजन परत आलं, आणि तेही त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं. जगातले सगळे आचारी परवडणाऱ्या बाईंची ही गत, तर आपली मेस काय करणार?

'हळूहळू उतरवलेलं वजन टिकतं, झटपट उतरवलेलं परत येतं' असं आपल्याला नेहमी सांगतात. मीही तेच धरून चाललो होतो. पण मेलबर्नमध्ये २०० हून थोड्या जास्त लोकांवर झालेल्या चाचणीत (निकाल २०१४) निम्म्यांनी १२ आठवड्यांत शेकवर वजन उतरवलं, निम्म्यांनी ३६ आठवडे हळूहळू. ठरवलेलं वजन गाठण्यात झटपटवाले पुढे, ८१ टक्के विरुद्ध ५०. आणि तीन वर्षांनी? दोन्ही गटांत उतरलेल्या वजनाचा साधारण ७१ टक्के भाग परत! सगळ्यांचं घोडं अडतं ते नंतरच.

तोट्यांपैकी एक आपल्या लोकांना जास्त लागू आहे. वजन उतरतं त्यात साधारण पाव हिस्सा चरबी नसून स्नायू वगैरे असतात, आणि व्यायाम नसेल तर आणखी. आता पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला शेजारी-शेजारी फोटो आठवा. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ आणि आत चरबी, स्नायू कमी, ही आपली जात. आधीच कमी असलेले स्नायू जाळून काटा खाली आणण्यात काय पुरुषार्थ?

बाकी तोटे भराभर सांगतो. पित्ताशयात खडे होतात, कारण चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात उतरतं आणि स्निग्ध पदार्थ पोटात न गेल्याने पित्ताशय रिकामं होत नाही. युरिक आम्ल वाढतं. बद्धकोष्ठता होते. आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, तेव्हा मुलं शाम्पू बदलत बसतात. अठराच्या आतले, गर्भवती किंवा बाळाला पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप १ मधुमेहवाले, किडनीचे रुग्ण यांनी या वाटेला जाऊच नये. कधी लपून बकाबका खाणं आणि मग उपाशी राहणं असा त्रास असलेल्यांनी तर नाहीच नाही. आणि असे आपल्या होस्टेलवर आहेत, मुलांच्याही आणि मुलींच्याही.

'डायरेक्ट'मध्ये घेतलेल्या रुग्णांचा बीएमआय २७ ते ४५ होता, शिवाय मधुमेह होता. आमच्या सिव्हिलच्या हीरोचा होता २६, आणि आजार कसलाच नव्हता. त्याच्यासाठी टपरीवरचं कोल्ड्रिंक, रात्री बाराची मॅगी आणि रविवारच्या फीस्टचा तिसरा गुलाबजाम एवढ्यावर काम भागलं असतं. सकाळी दोन अंडी किंवा वाटीभर मोड आलेली मटकी, संध्याकाळी ग्राउंड. कंटाळवाणं आहे, मान्य.

शेवटी, ज्यांनी डबा आधीच लावलाय त्यांच्यासाठी आणि त्यांच्या रूममेट्ससाठी. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असाल तर उद्याच्या फीस्टवर एकदम तुटून पडू नका. उपासानंतर अचानक भरपूर पिष्टमय खाल्लं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली जाऊ शकतं, आणि ते हृदयाला झेपत नाही. डॉक्टरांना विचारून, थोडं थोडं वाढवा. उभं राहिल्यावर अंधारी येणं, छातीत धडधड, चक्कर, पायात सतत गोळे यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. रेक्टर सरांना रात्री दोनला उठवलं तरी चालतं. ओरडतात, पण गाडी काढतात.